बारा वाजता मिटणारी मूठ

ठीक बाराला घंटा वाजली आणि पडद्यामागून मूठबाबा बाहेर आले.

व्यायामशाळेच्या सभागृहात चाळीस खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर चाळीस माणसं आणि त्यांच्या मांड्यांवर ऐंशी हात. भिंतीला टेकून उभे असलेले नातेवाईक वेगळे. ते मी मोजले नाहीत, कारण ते सारखे जागा बदलत होते.

याच ऐंशी हातांची सकाळी सातला परीक्षा झाली होती. बाबांचा मदतनीस एकेकाच्या तळहातावर पेन्सिलीहून जरा जाड अशी लाकडी कांडी ठेवायचा आणि म्हणायचा, "धरा घट्ट." बोटं अर्ध्या वाटेवर यायची आणि थांबायची. कांडी घरंगळून फरशीवर पडायची. मग तो ध्वनिक्षेपकावर जाहीर करायचा, "क्रमांक अकरा. मूठ मिटत नाही." सगळं सभागृह चुकचुकायचं. एका बाईंची कांडी दोनदा पडली, तर चुकचुकणंही दोनदा झालं.

त्यानंतर पाच तास मौन. मौनात करायचं एवढंच, की बाबांचं कोमट तेल घेऊन तळहातावर तळहात चोळत राहायचं आणि दर अर्ध्या तासाने उठून सभागृहाला एक फेरी मारायची.

आता बाबा पुढे झाले. जटा नाहीत, माळा नाहीत. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, खिशाला पेन. एखाद्या कचेरीत कागद अडवून बसणारा माणूस दिसावा तसे दिसायचे. आवाज मात्र लोण्यासारखा.

"तुमच्या सांध्यांत काय आहे? थिजलेली ऊर्जा. ऊर्जा दोन प्रकारची असते. एक थिजलेली आणि दुसरी न थिजलेली. मी काय करतो? पहिलीची दुसरी करतो. विज्ञान अजून इथपर्यंत आलेलं नाही."

शेजारच्या गृहस्थांना मी हळूच विचारलं, "तुम्हाला काय कळलं?"

"सगळं कळलं असतं तर इथे कशाला आलो असतो?" ते म्हणाले.

बाबांनी पहिल्या क्रमांकाच्या हातावरून, स्पर्श न करता, आपला हात फिरवला. "मूठ मीट." बोटं वळली, आणखी वळली आणि कांडी मुठीत गेली. सभागृहाने सुस्कारा सोडला. मग दुसरी मूठ, तिसरी मूठ. एक निवृत्त पोस्टमन तर कांडी धरून ती बँडमास्तरासारखी हवेत फिरवायला लागले. चाळिसांपैकी सदतीस जणांच्या मुठी मिटल्या. उरलेल्या तिघांची श्रद्धा कमी पडली, असं बाबांनी सांगितलं, आणि तिघांनीही ते मान खाली घालून मान्य केलं.

तेविसावा क्रमांक माझ्या ताईचा होता. तिची मूठ मिटली आणि ती डोळे पुसायला लागली.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर मी सहज विचारलं, "गोळी कधी असते तुझी? आज का उद्या?"

"गोळी बंद केली," ताई म्हणाली. "तीन महिने झाले."

ती बाबांकडे जाते हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. गोळ्या चालू असतील, वर हे एक, असं समजून मी हसण्यावारी नेलं होतं.

ताई आणि मी एकाच ठिकाणी कामाला आहोत, हातमोज्यांच्या कारखान्यात. वेल्डिंगवाले, माळी, मोटरसायकलवाले यांच्यासाठी आम्ही चामड्याचे मोजे बनवतो. माझं काम मापाचं. गिऱ्हाइकाचा हात टेपने मापायचा आणि वहीत उतरवायचा. ताई अंगठा जोडते. चार बोटं कोणीही शिवेल, पण अंगठा तिरका बसतो आणि तो एक टाका जरी चुकला तरी घालणारा दिवसभर शिव्या देतो. तीस वर्षांत ताईच्या मशीनवरून आलेला मोजा मुकादमाने कधी उलटून पाहिला नव्हता.

दीड वर्षापूर्वी तिची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. चहाचा कप ती दोन्ही तळहातांत धरून प्यायला लागली. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात असं नाव सांगितलं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी ताईला मळमळायचं, आणि गुण यायचा तो गोगलगाईच्या चालीने. अशात शेजारच्या मशीनवरच्या बाईंनी मूठबाबांचं नाव सुचवलं. बाबांची अट एकच होती. बाहेरचं औषध बंद करायचं, नाहीतर त्यांची शक्ती दारातच अडते.

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीस," घरी पोचल्यावर मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू असंच तोंड केलं असतंस. हे, आत्ता केलंयस ते."

"डॉक्टरीणबाईंना तरी विचारायचं."

"त्यांनी दीड वर्षात माझी मूठ मिटवली का? बाबांनी पाच तासांत मिटवली. तू समोर होतास. का तेवढ्यात डुलकी लागली होती?"

"पाहिलं मी. पण उद्या सकाळी काय होणार?"

"उद्या सकाळी पुन्हा धरणार. बाबा म्हणतात जुनी ऊर्जा आहे, एकवीस खेपा लागतात."

"आजवर किती झाल्या?"

"चोवीस."

"मग?"

"मग माझी जास्त जुनी असेल."

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं. "मी या घरात दोन गोष्टींत पडत नाही," ते पानाआडून म्हणाले. "एक स्वयंपाक आणि दुसरं तुम्हा भावंडांचं बोलणं."

ताईच्या बोटांची पेरं मला दिसत होती. ती आधीपेक्षा जाड झाली होती. त्या आठवड्यात मुकादमाने तिचे तीन अंगठे परत पाठवले होते, तीस वर्षांत पहिल्यांदा. आणखी महिनाभर बघू म्हणाला, नाहीतर अंगठ्याच्या मशीनवर दुसऱ्या कोणाला बसवावं लागेल. ताईने ते ऐकलं आणि आठवड्याच्या दोन खेपांच्या जागी तीन करता येतील का, याची चौकशी केली.

पुढल्या गुरुवारी कारखान्यात एक मोटरसायकलवाला आला. सकाळचे नऊ वाजले होते आणि त्याला घाई होती. मी सवयीने म्हटलं, "माप अकरानंतर घेतो. झोपून उठलेला हात खोटं बोलतो."

बोललो आणि टेप माझ्या हातातच राहिला.

सकाळचा हात जरा फुगलेला असतो, त्याच्यावर बेतलेला मोजा दुपारी ढिला होतो आणि गिऱ्हाईक तणतणत परत येतं, हे आमच्याकडे मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. माझ्या वहीत प्रत्येक हातापुढे वेळेचा रकाना आहे आणि बावीस वर्षं मी तो भरतोय. आमच्या कारखान्यातली सहा माणसं मूठबाबांच्या सभागृहात बसून आली होती, शिवाय खुद्द मुकादमाची सासू. परीक्षा सातला आणि चमत्कार बाराला, हे तिथे ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. आम्ही रोज हातांची मापं घेणारी माणसं, आणि आमच्यापैकी एकालाही घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही.

शनिवारी मी वही आणि टेप घेऊन व्यायामशाळेवर गेलो, पण आत गेलो नाही. क्रमांक चाळीसच असायचे. उशिरा आलेले लोक बाहेरच्या ओट्यावर बसून राहत, कोणी उठून गेलं तर आपली वर्णी लागेल या आशेवर. त्यांतल्या चौदा जणांना मी विचारलं, तुमची मूठ किती मिटते ते मापू का? लोकांना माप द्यायला आवडतं, कुणी नको म्हणालं नाही. सातला मधल्या बोटाच्या टोकापासून तळहातापर्यंतचं अंतर मापलं आणि वहीत उतरवलं. मग पाच तास ते ओट्यावर बसले, चहाला जाऊन आले, सुनांविषयी आणि जावयांविषयी बोलले. एक आजी विणत होत्या. ना तेल, ना मौन, ना बाबा. बाराला पुन्हा मापलं. चौदांपैकी बारा जणांचं अंतर निम्म्याहून कमी झालं होतं.

"बघा," विणणाऱ्या आजी बोटं हलवत म्हणाल्या, "बाबांनी मला आत न घेताच गुण दिला."

"आजी, तुम्ही इथे बसलाय हे बाबांना माहीतही नाही."

"म्हणूनच तर मोठे म्हणायचे त्यांना."

सोमवारी मी वही डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. त्यांचा दवाखाना अरुंद होता, टेबलावर गुडघ्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा आणि त्यावर कुणीतरी विसरलेला चष्मा. त्यांनी आधी वेळेचा रकाना वाचला, मग मापं, मग पुन्हा वेळ.

"हे तुम्ही केलंत? माझ्याकडचे शिकाऊ डॉक्टर वेळ लिहायला विसरतात."

"पण असं का होतं ते मला कळलं नाही. हात धुतला, चोळला, हलवला म्हणून?"

"थोडं त्याने. मुख्य गोष्ट वेगळी आहे." त्यांनी सांगाड्यावरचा चष्मा उचलून बाजूला ठेवला. "शरीरात राखणदार पेशी असतात. जंतू शिरला की त्या एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे बारीक प्रथिनं. सायटोकाइन म्हणतात त्यांना. त्यांतली दोन नावं लक्षात ठेवा, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-सहा. निरोप एवढाच, की आग लागलीय, धावा. मग त्या जागी रक्त वाढतं, पाणी झिरपतं, फौज गोळा होते. त्यालाच आपण सूज म्हणतो. जंतू मेला की निरोप थांबतात. तुमच्या ताईंच्या आजारात जंतू नसतोच. सांध्याच्या आतल्या अस्तरात आग नसतानाच निरोप सुटतात. ज्या पेशीला निरोप पोचतो, तीही घाबरून आणखी दहा जणींना कळवते."

"म्हणजे आमच्या कारखान्यात कामावरून काढणार म्हणून अफवा उठते तसं."

"अगदी तसंच. फक्त ही अफवा हाड खाते. याच निरोपांनी हाड कुरतडणाऱ्या पेशी जाग्या होतात."

"आणि घड्याळाचं काय?"

"निरोपांची गर्दी दिवसभर सारखी नसते. इंटरल्यूकिन-सहा पहाटेच्या सुमाराला सगळ्यात जास्त चढतं. त्यात रात्रभर हात हललेला नसतो, पाणी तिथेच साचतं. म्हणून सकाळी बोटं ताठ. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक सकाळी वाढतं, ते हा गोंधळ थोडा आवरतं. माणूस उठतो, हिंडतो, हाताला ऊब मिळते, आणि दुपारपर्यंत मूठ बरीचशी मिटते. बाबा असले तरी मिटते, आणि नसले तरीही."

"त्यांना हे ठाऊक असेल?"

"सातला सुरू करून बाराला संपवणारा माणूस. कधी एकदा तरी बाराला सुरू करून दुसऱ्या दिवशी सातला संपवलं त्यांनी? तुम्हीच ठरवा."

मी गोळीचं विचारलं. त्या म्हणाल्या, गोळी मूठ मिटवायला नसते, ती ही अफवा मुळात दाबायला असते, म्हणून वेळ घेते. तेवढ्याने भागलं नाही तर आता टीएनएफचा निरोप वाटेतच पकडणारी इंजेक्शनंही आहेत.

"मळमळीवरही उपाय होता," त्या जरा थांबून म्हणाल्या. "ताईंनी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही, हे माझं चुकलं. पण त्यांना लवकर आणा. दुपारी मूठ मिटली म्हणून कुरतडणं थांबत नाही."

ताईने वही चष्मा लावून वाचली. "ओट्यावरच्यांना गुण आला, कारण शक्ती भिंतीतून बाहेर गेली."

"ठीक आहे. या रविवारी तू घरीच बस. व्यायामशाळा इथून पाच किलोमीटर आहे. तेवढी लांब शक्ती जाते का बघू."

रविवारी सातला मी तिचा हात मापला. चौतीस मिलिमीटर. त्यानंतर तिने पाच तास, सुट्टीला घरी असली की करते तेच केलं. मटार सोलले, कपाट आवरलं, भाऊजींना त्यांच्या चपलांवरून बोल लावले. बाराला मापलं. नऊ मिलिमीटर.

"म्हणजे बाबा मीच झालो म्हणायचं," भाऊजी म्हणाले. "सकाळपासून ही मलाच बघतेय."

ताई हसली नाही. तिने माझ्या हातातून टेप घेतला आणि स्वतः पुन्हा मापलं. स्वतः मापून पाहिल्याशिवाय टाका घालणारी बाई नव्हे ती. मग वही मिटून म्हणाली, "मंगळवारी रजा टाकून जाऊ."

"पुन्हा?"

"मला त्यांना एकदा सातला भेटायचंय."

मंगळवारी तिला एकोणिसावा क्रमांक मिळाला. कांडी घरंगळली. "क्रमांक एकोणीस. मूठ मिटत नाही," मदतनीस म्हणाला आणि सभागृह चुकचुकलं.

ताई खुर्चीतून उठली. "मिटत नाही हे मलाही कळतंय. बाबांना बोलवा."

"बाबा बाराला येतात."

"कुठून येतात?"

मदतनिसाने पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागे कपात चमचा फिरत होता आणि तो नेमका तेव्हा थांबला.

"आतच आहेत की," ताई म्हणाली. "चहा होऊ दे त्यांचा, मी थांबते. मला आठला मशीनवर बसायचं असतं. माझी मूठ आत्ता मिटायला हवी. बाराला मिटून काय करू?"

हे ऐकून पोस्टमन हळूच म्हणाले, "खरं आहे बुवा. शर्टाची बटणं मलाही सकाळीच लावायची असतात."

"मला दाराची कडी," मागून एक बाई म्हणाली. "नळ," आणखी कोणीतरी. मौन सुरू होण्याआधीच मोडलं होतं. आणि सगळ्यांच्याच लक्षात येत होतं की आपली अडचण सकाळची आहे आणि इलाज दुपारचा.

बाबा बाहेर आले. ओठ पुसलेले होते. "माई, शक्तीला वेळ असते. सूर्य डोक्यावर यावा लागतो."

"डोक्यावर छत आहे, बाबा."

कुणीतरी हसलं. बाबांना हात फिरवण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. "मूठ मीट." ताईने जोर लावला. तिच्या कपाळावर शीर उमटली. बोटं अर्ध्या वाटेवर थांबली. बाबांनी पुन्हा हात फिरवला, आणखी खालून. बोटं तिथेच.

"तुमची श्रद्धा उडाली आहे," बाबा खेदाने म्हणाले.

"आता उडाली असेल. पण तीन महिने घट्ट होती ना? बाराला तुम्ही सगळ्यांसमोर तसं सांगायचात. मग त्याच दिवशी सातला मूठ का मिटत नव्हती?"

पोस्टमननी आपला हात पुढे केला. मग कडीवाल्या बाईंनी. बाबांनी पाच हातांवरून हात फिरवला, पाचही कांड्या फरशीवर पडल्या, आणि या वेळी कोणी चुकचुकलं नाही. मग मी वही उघडून ओट्यावरच्या चौदा जणांची मापं वाचून दाखवली. निरोपांचं आणि पहाटेचंही सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत, जमेल तेवढं.

टाळ्या पडल्या असं वाटत असेल तर तसं झालं नाही. चाळीसपैकी सतरा लोक उठून गेले. उरलेले बसून राहिले. एक बाई ताईला म्हणाल्या, तुम्ही आमची ऊर्जा बिघडवलीत. बाबांनी आठ दिवसांचं एकांतव्रत जाहीर केलं आणि त्या आठ दिवसांत सगळं सामान हलवलं. ऐकतो की आता ते दुसऱ्या एका वस्तीत पाठदुखी बरी करतात. तिथे घंटा एकला वाजते.

ताई त्याच दिवशी दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी हाताचा एक्सरे दिव्यापुढे धरला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. शेजारी आठ महिन्यांपूर्वीचा एक्सरे लावला, त्यात कड सरळ होती.

"हे भरून येईल?" ताईने विचारलं.

"सूज जाईल, दुखणं जाईल. गेलेलं हाड येत नाही. बाकीचं राखू."

गोळी पुन्हा सुरू झाली, मळमळीच्या उपायासकट. चार महिन्यांनी सकाळचा ताठरपणा दोन तासांवरून दहा मिनिटांवर आला. कप ती एका हातात धरते, भाऊजींना बोलताना बोट रोखते. पण अंगठ्याला आता पूर्वीसारखा जोर येत नाही. अंगठ्याच्या मशीनवर दुसरी बाई बसते आणि ताई टेबलावर तयार मोजे तपासते. परवा एक मोजा उलटून बघताना म्हणाली, "चांगलं शिवते ही. माझ्यापेक्षा बरं शिवत असेल. तिला सांगू नकोस."

उद्या तुमच्यासमोर कोणी चमत्कार केला, तर भांडू नका आणि हसूही नका. हसून सोडून द्यायचं काम मी केलेलं आहे, त्याचा उपयोग होत नाही. हे दुसऱ्या वेळी करून दाखवा म्हणा. आणि ज्यांना आत घेतलं नाही, त्यांचं काय झालं ते ओट्यावर जाऊन पाहा. डॉक्टरांचं औषध सोसत नसेल तर ते डॉक्टरांनाच सांगा, रागावून सांगा हवं तर, पण गुपचूप बंद करू नका. यासाठी शिक्षण लागत नाही. एक टेप, एक घड्याळ आणि जरासं धाडस पुरतं, आणि ही तिन्ही माझ्याजवळ पहिल्या दिवसापासून होती. मला वही उघडायला तीन महिने लागले. तुम्ही एवढा वेळ लावू नका, कारण तेवढ्यात जे हाड जातं ते जातं.